क्रेडिट कार्ड निवडताना: आधी खर्चाची वही, मग बक्षिसं

घरखर्चाच्या हिशेबावरच्या आजच्या व्याख्यानात आपण क्रेडिट कार्डाच्या बक्षिसांबद्दल बोलणार आहोत. रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक, कार्ड घेतल्याबरोबर मिळणारं व्हाउचर, विमानतळावरचं लाउंज, सिनेमाचं एकावर एक तिकीट. मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेला मुलगा असो, की 'सर, तुमच्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड मंजूर झालंय' असा फोन असो, प्रत्येक जण आपल्याला काय मिळणार तेवढंच सांगतो. आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करू. आपला खर्च कुठे होतो आणि आपण बिल कसं भरतो, हे आधी पाहू. कारण कार्ड चांगलं की वाईट हे कार्डाकडे बघून ठरत नाही, ते आपल्या खर्चाकडे बघून ठरतं.

हे पैसे येतात कुठून?

बँक आपल्याला बक्षीस देते म्हणजे ते पैसे कुठून तरी आलेले असतात. त्याचे मुख्य झरे तीन.

पहिला झरा दुकानदाराचा. आपण दुकानात हजार रुपयांचं कार्ड घासलं, की दुकानदाराच्या हातात पूर्ण हजार पडत नाहीत. साधारण दीड-दोन टक्के कमिशन कापलं जातं आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. म्हणून काही सराफ किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाले 'कार्डावर दोन टक्के जास्त पडतील' म्हणतात. अशा ठिकाणी एक टक्का पॉइंट मिळवण्यासाठी कार्ड देणं म्हणजे रुपया देऊन आठ आणे घेणं.

दुसरा झरा शुल्काचा: वार्षिक शुल्क, विलंब शुल्क, परदेशी चलनावरचा आकार.

तिसरा झरा व्याजाचा. जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत, थोडं भरून बाकी पुढे ढकलतात, त्यांच्याकडून येणारं व्याज. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्या माणसाचे पॉइंट काही अंशी थकबाकी ठेवणाऱ्या माणसाच्या खिशातून येतात. ऐकायला कडू आहे, पण व्यवहार तसाच चालतो.

कमिशन आणि बक्षीस यांचं नातं किती घट्ट आहे हे युरोपात दिसलं. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर बँकेला मिळणाऱ्या या वाट्यावर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. झराच आटला, त्यामुळे तिथली बक्षिसं अमेरिकेच्या तुलनेत फिकी आहेत. अमेरिकेत उलट चित्र. २०१६ मध्ये चेस बँकेने सफायर रिझर्व्ह नावाचं कार्ड काढलं. वार्षिक शुल्क ४५० डॉलर आणि ठरावीक खर्च केल्यावर एक लाख पॉइंटांचं स्वागत-बक्षीस. लोकांची इतकी झुंबड उडाली की बँकेच्या प्रमुखांना त्या एका तिमाहीच्या नफ्यात २० ते ३० कोटी डॉलरची घट होईल असं सांगावं लागलं. पुढच्याच वर्षी ते बक्षीस निम्म्यावर आलं. यातून आपण घ्यायचं ते एवढंच: स्वागत-बक्षीस हा बँकेचा गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च आहे. तो वसूल होणार, असं धरूनच ती चालते. कुणाकडून वसूल व्हायचं नाही, ते आपल्या हातात असतं.

पहिली चाळणी: बिल पूर्ण भरलं जातं का?

बक्षिसांचा तक्ता उघडण्याआधी हा प्रश्न. मागच्या बारा महिन्यांत कार्डाचं किंवा कुठलंही बिल किती वेळा अर्धवट राहिलं? उत्तर 'दोन-तीनदा' असेल, तर पॉइंटांचा विषय तिथेच बाजूला ठेवायचा.

का, ते आकड्यात पाहू. आपल्याकडे अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. समजा ५०,००० रुपयांची थकबाकी आहे. महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५. त्याच कार्डावर महिन्याला ३०,००० रुपयांचा खर्च होतो आणि एक टक्का बक्षीस मिळतं, म्हणजे ३०० रुपये. महिनाभराचं बक्षीस साडेचार दिवसांच्या व्याजात संपलं. उरलेले पंचवीस दिवस आपण बँकेला बक्षीस देतोय.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मागच्या बिलातली बाकी शिल्लक असेल, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एरवी आपण बिलाची तारीख उलटल्यावर लगेच खरेदी केली, तर पुढचं बिल येईपर्यंतचा महिना आणि त्यानंतर भरायच्या तारखेपर्यंतचे पंधरा-वीस दिवस, असे ४५ ते ५० दिवस फुकट वापरायला मिळतात. बाकी राहिली की भाजी घेतली त्या दिवसापासून व्याज सुरू.

मग बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून छोटासा आकडा छापलेला असतो, तो काय? तो भरला की विलंब शुल्क टळतं आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज मात्र टळत नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फेडायला महिने किंवा वर्षं लागतील, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने लावलं आहे, ते उगीच नाही.

इथे कुणी विचारेल, या व्याजाला काही वरची मर्यादा? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे ती ३० टक्क्यांची आडकाठी आता नाही. आपलं कुंपण आपणच घालायचं: कार्ड हातात आल्या दिवशी बचत खात्यातून 'पूर्ण रक्कम' आपोआप वळती होण्याची सूचना देऊन ठेवायची. अर्ज भरताना 'किमान रक्कम' हा पर्याय चुकून निवडला जात नाही ना, ते बघा.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर विसरूनच जा. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच. पैसे काढल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क वेगळं.

पॉइंट म्हणजे किती पैसे?

ही चाळणी पार केली, आता पुढे. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'दर १५० रुपयांवर ४ पॉइंट'. दुसऱ्या कार्डावर 'दर १०० रुपयांवर १० पॉइंट'. दुसरं अडीचपटीहून जास्त वाटतं. पण पॉइंटला स्वतःची किंमत नसते. तो कशात वटवला जातो आणि किती पैशांना, ते बघावं लागतं.

पहिल्या कार्डाचा पॉइंट २५ पैशांचा असेल, तर १५० रुपयांवर १ रुपया. म्हणजे ०.६७ टक्के. दुसऱ्याचा पॉइंट ५ पैशांचा असेल, तर १०० रुपयांवर ५० पैसे. म्हणजे अर्धा टक्का. दहा पॉइंटवालं कार्ड मागे पडलं की नाही? तेव्हा सूत्र सोपं आहे: मिळणारे पॉइंट गुणिले एका पॉइंटचे पैसे, भागिले खर्च. सगळ्या कार्डांना टक्क्यांत आणा, मगच तुलना करा.

एकाच कार्डाचा पॉइंट तीन ठिकाणी तीन भावांनी जातो, हेही लक्षात ठेवा. बिलातून वजा करून घेतला तर कमी, व्हाउचर घेतलं तर थोडा जास्त, विमान कंपनीच्या मैलांत बदलला तर कधी त्याहून जास्त. पण मैल वापरायला आपण विमानाने जाणारे हवेत. जो वर्षातून दोनदा एसटीने गावी जातो, त्याने मैलांचा भाव धरून कार्ड निवडू नये. शिवाय पॉइंट वटवायला शुल्क आहे का आणि पॉइंटांची मुदत संपते का, हे विचारून घ्या. आम्ही तर म्हणू, नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ कॅशबॅकचं कार्ड घ्यावं. त्यात गणित कमी आणि फसगतही कमी.

पॉइंट कुठे मिळत नाहीत?

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कुठे मिळतात ते असतं. कुठे नाही, ते मागच्या बारीक अक्षरांत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी कर, हप्त्यांवरची खरेदी यांना बऱ्याच कार्डांवर बक्षीस नसतं. विम्याचा हप्ता, वीजबिल, शाळेची फी यांच्यावर काही कार्डांत मिळत नाही, काहींत महिन्याची मर्यादा असते. पेट्रोलवर 'सरचार्ज माफ' लिहिलेलं असतं, तो कमाईचा भाग नव्हे. आपल्यावर लादलेला एक टक्का परत मिळाला, एवढंच.

हे बँकेला कळतं कसं? प्रत्येक दुकानाला व्यवसायानुसार चार आकडी संकेतांक दिलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटला ५४११, पेट्रोल पंपाला ५५४१, उपाहारगृहाला ५८१२. बँक आपण काय घेतलं ते बघत नाही, दुकानाचा संकेतांक बघते. म्हणून एखाद्या मोठ्या दुकानातून तांदूळ-डाळ घेऊनही 'किराण्यावर ५ टक्के' मिळत नाही, कारण त्या दुकानाची नोंद दुसऱ्या वर्गात असते.

आणि आपल्या कोपऱ्यावरचा वाणी? तिथे कार्डाचं यंत्र नाही, क्यूआर कोड आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि असा क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डावर पैसे देता येतात. फक्त दुकानदाराला, मित्राला किंवा भावाला नाही. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर कमिशन पडत नाही, त्यामुळे तोही कुरकुरत नाही. ज्यांचा बराच खर्च गल्लीतल्या दुकानांत होतो, त्यांनी रुपे कार्ड मागावं. सप्टेंबर २०२४ पासून बहुतेक बँकांना कार्ड देताना नेटवर्क निवडण्याची मुभा ग्राहकाला द्यावी लागते. पण यूपीआयच्या खर्चावर बक्षीस आहे का, ते कार्डागणिक वेगळं, तेवढं तपासा.

एका घराचा हिशेब

आता वही उघडू. समजा एका घराचा महिन्याचा २५,००० रुपयांचा खर्च असा आहे: भाजी-दूध-वाणी ५,००० क्यूआरवर, सुपरमार्केट ४,०००, ऑनलाइन खरेदी ६,०००, पेट्रोल ४,०००, वीज-फोन ३,००० आणि विमा सरासरी ३,०००. समोर तीन कार्डं आहेत. तिन्हींवर पेट्रोल आणि विम्याला बक्षीस नाही आणि क्यूआर चालत नाही. म्हणजे वर्षाला बक्षीसपात्र खर्च उरतो ऑनलाइन ७२,००० आणि सुपरमार्केट-वीज-फोन मिळून ८४,०००.

पहिलं कार्ड: ऑनलाइनवर ५ टक्के, बाकीवर १ टक्का, वार्षिक शुल्क १,००० रुपये. बक्षीस ३,६०० अधिक ८४०, म्हणजे ४,४४०. शुल्क जीएसटीसह १,१८०. हातात ३,२६०.

दुसरं कार्ड: कायमचं मोफत, सगळीकडे १ टक्का. बक्षीस १,५६०. शुल्क शून्य. हातात १,५६०.

तिसरं कार्ड: सगळीकडे २ टक्के, लाउंज, ५,००० रुपयांचं स्वागत-व्हाउचर, वार्षिक शुल्क ५,०००. बक्षीस ३,१२०. शुल्क जीएसटीसह ५,९००. व्हाउचर धरलं तर पहिल्या वर्षी २,२२० रुपये फायदा. दुसऱ्या वर्षी व्हाउचर नाही, म्हणून २,७८० रुपये तोटा.

सगळ्यात झगमगीत कार्ड या घराला सगळ्यात महाग पडलं. ज्याचा वर्षाचा खर्च दहा-बारा लाख आहे, त्याला कदाचित तेच सगळ्यात स्वस्त पडेल. दुसरी गोष्ट बघा. सगळ्यात चांगल्या निवडीचा फायदा वर्षाला ३,२६० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे पावणेतीनशे. पैसे आहेत, नाकारायचे नाहीत. पण मघाची ५०,००० ची थकबाकी दोन महिने राहिली, तर व्याज आणि जीएसटी मिळून ४,१३०. वर्षभराची निवड-बिवड सगळी वाहून गेली.

याच हिशेबात 'माइलस्टोन'ही बसवा. वर्षाला दोन लाख खर्च केले तर शुल्क माफ, असं असतं. मार्च उजाडतो, खर्च १ लाख ८० हजारांवर असतो आणि आपण १,१८० रुपये वाचवायला २०,००० चा नवा फोन घेतो. जो खर्च एरवी होणारच होता त्यावर मिळालं ते बक्षीस. बक्षिसासाठी केलेला खर्च हा निव्वळ खर्च.

लाउंज आणि परदेश

लाउंजचं आकर्षण आपल्याला फार. त्याची किंमत मोजायची पद्धत अशी: ही सोय नसती, तर आपण विमानतळावर चहा-नाश्त्यावर किती खर्च केला असता? तेवढीच त्या भेटीची किंमत. लाउंजबाहेरच्या फलकावरचा दर धरायचा नाही. आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं. तेव्हा निघण्याआधी अट वाचा, नाहीतर दारातून परतावं लागेल.

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक सूचना. अनेक कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के आकार लागतो, त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के. बक्षीस २ टक्के असलं तरी आपण दोन टक्क्यांहून जास्त तोट्यात. तिथे पॉइंट बघू नका, हा आकार सगळ्यात कमी कुठे आहे ते बघा.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे सविस्तर निर्देश २०२२ मध्ये आले. त्यातले काही पाठच करून ठेवा. न मागता कार्ड पाठवता येत नाही. कार्ड मिळाल्यावर ३० दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपीने आपली संमती घ्यावी लागते. संमती दिली नाही तर खातं कुठलंही शुल्क न घेता बंद करावं लागतं. आपण कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवायचं. विलंब शुल्क भरायच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लावता येतं. बँकेने तक्रारीची दखल ३० दिवसांत घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

बक्षिसांच्या अटी मात्र बँका वरचेवर बदलतात आणि बहुधा कमीच करतात. म्हणून पॉइंट साठवून ठेवू नका. पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. व्याज मिळत नाही आणि भाव उतरण्याची भीती कायम.

नेहमी येणारे दोन प्रश्न

'किसान क्रेडिट कार्डावर पॉइंट मिळतात का?' नाव सारखं आहे, वस्तू वेगळी. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं. ते पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर ७ टक्के व्याज आणि वेळेत फेड केली तर ३ टक्क्यांची सवलत, म्हणजे ४ टक्के पडतात. ज्यांचं उत्पन्न हंगामावर येतं, त्यांनी बी-बियाण्याचा खर्च साध्या क्रेडिट कार्डावर करणं धोक्याचं. बिल दर महिन्याला येतं, पीक नाही.

'जास्त कार्डं घेतली तर सिबिल स्कोअर बिघडतो का?' कार्डांच्या संख्येपेक्षा वागणूक मोजली जाते. पण थोड्या दिवसांत अनेक अर्ज केले, तर प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि स्कोअर घसरू शकतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवणं बरं. स्वागत-बक्षिसासाठी कार्डं गोळा करणाऱ्याने पुढच्या वर्षी गृहकर्ज घ्यायचं असेल, तर जपून. स्कोअर घसरून कर्जाचा दर पाव टक्क्याने जरी वाढला, तरी ३० लाखांच्या कर्जावर पहिल्याच वर्षी सात-साडेसात हजार जास्त जातात. इतकं कुठलं व्हाउचर देणार?

तर आता घरी गेल्यावर एवढंच करा. मागच्या तीन महिन्यांची बँकेची पत्रकं काढा. खर्च पाच-सहा रकान्यांत मांडा. जिथे बक्षीस नसतं ते रकाने खोडा. उरलेल्या रकमेला कार्डाच्या टक्केवारीने गुणा आणि जीएसटीसह शुल्क वजा करा. हे गणित दुसऱ्या वर्षाचं करा, पहिल्या नव्हे. जे उत्तर येईल ते कार्डाचं खरं माहितीपत्रक. उत्तर फार लहान आलं आणि कार्ड घ्यावंसं वाटलं नाही, तरी काही बिघडत नाही. डेबिट कार्ड आणि यूपीआयवर घर उत्तम चालतं. फोनवरच्या मुलीला तेवढं नम्रपणे सांगा, की आमचा हिशेब झालाय.